इंटर्नचे बोट

ते प्रसिद्धिपत्रक आपण सर्वांनी वाचले आहे, त्यावरचे विनोदही आपापल्या मोबाईलवर येऊन गेले आहेत. तेव्हा इंदापूर तालुक्यातील त्या शेतकरी मेळाव्याचा मांडव अवकाळी पावसाने आडवा होत असता आणि प्रमुख पाहुण्यांची मोटार भिगवणच्या पुढे सरकली नसता, ‘रखरखत्या उन्हाची तमा न बाळगता शेतकऱ्यांनी अलोट गर्दी केली’ हे वाक्य तीन उद्गारचिन्हांसह वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत कसे दाखल झाले, याची हकिकत पुन्हा सांगण्यात हशील नाही. मला राग आला तो त्या पत्रकाचा नव्हे, दुसऱ्या दिवशी आलेल्या खुलाशाचा. जनसंपर्काचे काम पाहणाऱ्या संस्थेने कळविले की, आमच्याकडे शिकत असलेल्या एका इंटर्नचे बोट चुकून लागले व पत्रक गेले. आयोजकांनी घाई केली आणि सगळेच असे करतात, अशा आणखी दोन सबबी खाली जोडल्या होत्या; त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत, मीही घेत नाही.

त्या बोटाचे कर्तृत्व मात्र निवांतपणे पाहण्यासारखे आहे. झोपेत कूस बदलताना एखाद्याचे बोट दिव्याच्या बटणाला लागते आणि खोलीत उजेड पडतो, हे मी समजू शकतो. परंतु या बोटाने चुकून आधी संगणकातील नेमकी फाईल हुडकली, चुकून पुणे, सोलापूर आणि बारामतीच्या पत्रकारांच्या निरनिराळ्या याद्या उघडल्या, चुकून मागील कुठल्याशा मेळाव्यातील गर्दीचे छायाचित्र निवडून सोबत जोडले, ‘फोटो ओळ’ म्हणून मान्यवरांची नावे डावीकडून उजवीकडे, पदांच्या उतरंडीला कोठेही धक्का न लावता, चुकून बिनचूक लिहिली, आणि ‘कृपया प्रसिद्धी द्यावी ही नम्र विनंती’ एवढे घालून झाल्यावर मगच ते दमूनभागून त्या शेवटच्या बटणावर कोसळले. अशी बोटे ज्या संस्थेच्या पदरी आहेत तिने डोकी कशासाठी बाळगावीत, हे मला समजत नाही. काही वर्तमानपत्रांनी तीच बातमी ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ अशी छापली. तो प्रतिनिधीही बिचारा त्या उन्हात होरपळत हजर असला पाहिजे.

हे बोट आंतरराष्ट्रीय आहे, एवढे संस्थेच्या बाजूने सांगितले पाहिजे. जुलै 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आशियाना कंपनीचे विमान कोसळले, तेव्हा वैमानिकांची म्हणून चार बनावट, वंशद्वेषी थट्टेची नावे एका दूरचित्रवाणी केंद्राने सांगून टाकली; आणि त्या नावांना दुजोरा आमच्या खात्यात उन्हाळ्यापुरत्या आलेल्या एका इंटर्नने दिला, असा खुलासा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केला. विमान, मंडळ, महासत्ता, आणि शेवटी एक पोरगा.

आपला खुलासा नीट वाचावा. संस्थेला खेद आहे तो वेळेचा. न घडलेल्या गोष्टीचे वर्णन आमच्याकडे तयार कसे होते, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. ते पत्रक सायंकाळी सातला गेले असते तर तोच मजकूर कर्तबगारी ठरला असता. कार्यक्रम संध्याकाळी, पाने त्याआधी लागायची, म्हणून सकाळीच ‘संपन्न’ लिहून ठेवायचे, हा या धंद्याचा राजरोस रिवाज आहे आणि इंटर्नला पहिल्या आठवड्यात तोच शिकविला जातो. जागा सोडलेला एक ठरावीक मजकूर असतो. त्यात गावाचे नाव, पाहुण्यांचे नाव भरायचे. ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ आधीच छापलेला. मग ‘याप्रसंगी ते म्हणाले’ या शब्दांपुढे, त्या थोर गृहस्थाने जे अद्याप उच्चारलेले नाही आणि बहुधा उच्चारणारही नाही, ते एकविसाव्या वर्षीच्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या बुद्धीने रचायचे.

बारामतीजवळचा, नीरा डाव्या कालव्याच्या कडेच्या एका वस्तीवरचा आमच्या ओळखीतला मुलगा पुण्यातील अशाच एका संस्थेत काही महिने होता. महाविद्यालयाच्या नव्या अभ्यासक्रमात कार्यानुभवाचे श्रेयांक लागतात, म्हणून गेला. त्याने मला त्याचा तक्ता दाखविला. पहाटे वर्तमानपत्रे चाळायची, ग्राहकाच्या नावाची कात्रणे काढायची, प्रत्येक बातमीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायची, त्या वर्तमानपत्राच्या जाहिरातीच्या दराने तिला गुणायचे, आणि ही बातमी जाहिरात म्हणून दिली असती तर इतके रुपये पडले असते, असा हिशेब महिनाअखेर ग्राहकापुढे ठेवायचा. मी विचारले, “बातमी विरोधात आली तर?”

“तीपण धरतो, काका. सेंटिमीटर तेवढेच भरतात ना.”

हा हिशेब म्हणजे जनसंपर्काचे मोल नव्हे, असे या व्यवसायाच्या जागतिक संघटनांनी 2010 सालीच बार्सिलोनाला जमून जाहीर केले होते. तो ठराव पुण्यापर्यंत यायचा आहे. मुलगा हुशार आहे. तीन महिन्यांत त्याला कोणता पत्रकार किती वाजता फोन उचलतो हे कळले, कागदी कपातला चहा पीत पाहुण्यांच्या पाठीमागे छायाचित्रात न येता उभे राहणे जमू लागले (मला तो चहा जमत नाही, त्याला मेणाचा वास येतो), आणि ‘सुमारे’ हा शब्द आकड्याआधी घातला की आकडा कितीही फुगविता येतो, हेही ज्ञान प्राप्त झाले. यातले काही उपयोगाचे आहे, हे मी नाकारीत नाही.

माझा मुद्दा जुनाट आहे. मामलेदार कचेरीत पूर्वी उमेदवार बसत. वर्षानुवर्षे बिनपगारी दप्तरे झाडीत, नकला करीत, शिरस्तेदाराच्या शिव्या खात. ती पद्धत दयाळू होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु मसुदा उमेदवाराने केला तरी खाली सही मामलेदाराची होत असे, आणि वरून विचारणा आली तर तिचे उत्तर सहीवाल्यास द्यावे लागे. मसुदा कोणाच्या हातचा हा प्रश्न कचेरीबाहेर जात नसे. पुढे 1961 च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क मिळाला. 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्र्यांच्या नावाने युवा कार्यप्रशिक्षण योजना आणून बारावी झालेल्यास दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविका असलेल्यास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये ठरविले. मुदत संपल्यावर ती मुले ‘आता पुढे काय?’ म्हणून मोर्चे काढू लागली, हा वेगळा विषय. जनसंपर्क संस्थांतील बहुतेक इंटर्न यांपैकी कोणत्याच नोंदवहीत नसतात. त्यांना मिळतो अनुभव. आणि मागील दाराने आत आलेली ही मंडळी कसूर पदरात घालण्याच्या दिवशी मात्र एकदम संस्थेचा दर्शनी चेहरा होतात. यश आले तेव्हा ‘आमची टीम’ होती.

बारामतीकरांना हे नवीन नाही, असे कोणी म्हणेल. 2024 मध्ये एकाच वर्षात दोन निवडणुका, दोन्हींत एकाच घरातील माणसे समोरासमोर, आणि त्यांतील एका पक्षाच्या प्रचाराचे काम ‘डिझाइनबॉक्स्ड’ या संस्थेकडे गेल्यावर पुढाऱ्यांच्या अंगावर चढलेली ती गुलाबी जाकिटे, हे सर्व आपण पाहिले आणि पचविले. आश्रयावर लेखणी चालविणेही येथे जुनेच. मोरोपंत बारामतीच्या बाबूजी नाइकांच्या आश्रयाला होते. फरक इतकाच की त्या आश्रयातून गावाला आर्याभारत मिळाले. आणि ज्या आयव्ही ली नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1906 मध्ये, आम्ही जे देऊ ते उघडपणे देऊ आणि कोणत्याही संपादकाने ते पडताळून पाहावे, असे जाहीरपणे लिहून या धंद्याचा पाया घातला, त्याच्याच पत्रकांतील आकडे कोलोरॅडोतील कोळसा खाणीच्या संपात, 1914 साली, खोटे निघाले. त्याने बोटाचे निमित्त सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. तेवढा तो मागासलेला होता.

ज्याच्या नावाने कागद बाहेर पडतो त्याने कागदाचे उत्तर द्यावे, इतकी साधी अपेक्षा. पण ती धरून बसलो तर उद्या सकाळी अर्धी वर्तमानपत्रे कोरी निघतील आणि हा स्तंभ कोठे छापावा, हा प्रश्न मलाच पडेल. म्हणून संस्थेने निदान त्या मुलीला किंवा मुलाला घरी तरी बसवू नये, एवढ्यावर मी समेट करायला तयार आहे.

आमच्या त्या मुलाचे प्रमाणपत्र परवा आले. जाड कागद, सोनेरी काठ, संचालकांची सही, आणि प्रमाणपत्रातही एक उद्गारचिन्ह. मजकूर त्यालाच करून पाठवायला सांगितले होते आणि सहीचे चित्रही त्यानेच चिकटविले, हे त्याने हसत सांगितले. दुसऱ्या ओळीत ‘अत्यंत प्रामाणिक’ असे शब्द होते. ते त्याने स्वतःबद्दल लिहिले काय, असे मी विचारले.

“नाही, काका,” तो म्हणाला, “ते टेम्प्लेटमध्येच होतं.”