राज्य केव्हां म्हणावें?

राज्यशास्त्र शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांस राज्याचीं चार लक्षणें सांगतों: स्थायी लोकवस्ती, निश्चित प्रदेश, शासन आणि इतर राज्यांशीं व्यवहार करण्याची पात्रता. १९३३ सालच्या माँटेव्हिडिओ करारांत तीं याच क्रमानें आलीं आहेत. परंतु पिंपळनेरास बसून पश्चिमेच्या डोंगरांकडे पाहिलें म्हणजे या व्याख्येनें आमचें पुरतें समाधान होत नाहीं.

त्या डोंगरांपलीकडे डांग आहे. तेथें भिल्ल राजांचीं लहान लहान राज्यें होतीं. १८४२ सालीं इंग्रजांनीं या राजांकडून सागाचें जंगल पट्ट्यानें घेतलें. पट्टा धन्याकडूनच घ्यावयाचा असतो. अर्थात् सही घेण्यापुरतें इंग्रजांनीं त्यांस राजे मानलें. पुढें त्यांजवर खानदेश एजन्सीची देखरेख आली, जंगल राखीव झालें, आणि राजांच्याच प्रजेची कुऱ्हाड सरकारी नियमांत अडकली. मग चौथें लक्षण या राज्यांस होतें कीं नव्हतें? करार करण्यापुरतें होतें, मोडण्यापुरतें नव्हतें!

आमच्या मतें मर्म येथेंच आहे. ज्यास 'नाहीं' म्हणण्याची मुभा नाहीं, त्याचें 'होय' हा राज्याचा होकार नव्हे. बलवानाची मान्यता पुष्कळदां त्याच्याच सोयीची असते.

कोणी म्हणेल, मग केवळ बळ म्हणजेच राज्य काय? तसेंही नव्हे. १९४३ ते १९४६ च्या सुमारास सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार चाललें. त्यास कोणत्याही राज्याची मान्यता नव्हती, निश्चित सीमा नव्हती. त्यास निराळा देशही नको होता. तरी गांवकरी आपले तंटे सरकारी कचेरी सोडून त्याच्या न्यायमंडळांपुढें नेत. त्यांत थोडें भयही असेल. परंतु केवळ भयानें कोणी न्याय मागावयास जात नाहीं. तेवढ्यापुरता राज्याचा प्राण तेथें होता, देह मात्र नव्हता. डांगांत कागदावर देह होता आणि प्राण कोंडला होता.

१९४८ सालीं डांग मुंबई प्रांतांत आला, १९६० सालीं गुजरातेंत गेला. तरी होळीच्या सुमारास आहवा येथें दरबार भरतो आणि त्या राजांच्या वंशजांस मानपूर्वक सालिना मिळतो. तो सोहळा पाहून कोणी हसूं नये. दिलेला शब्द पाळला जात आहे, हें थोडें नव्हे. परंतु एक प्रश्न उरतोच. पट्ट्याच्या वेळीं राजास निदान विचारलें तरी. त्या जंगलांत राहणाऱ्यास कोणीं विचारलें? ज्या व्याख्येंत या प्रश्नास जागा नाहीं, ती आम्ही यापुढें वर्गांत अपुरी म्हणूनच सांगूं.