समझोत्याची किंमत कोण देतो?

उसूल चांगला आणि समझोता वाईट, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण राज्यकारभार समझोत्यावाचून एक दिवसही चालत नाही. मग शासनकर्त्याच्या उसुलाची पारख कशी करावी?

आमच्या शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांनी देशाला दोन गृहमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे शिवराज पाटील. मुंबईवरील हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ रोजी पाटीलसाहेबांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईच्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली. शंकरराव मात्र १९९६ पर्यंत त्याच खात्यावर राहिले.

म्हणून एक उसूलवाला आणि दुसरा खुर्चीचा लोभी, असा निकाल देणे सोपे आहे. मला तो पटत नाही. शंकररावांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत, ते त्यांच्या शिस्तीमुळेच. जायकवाडी आणि विष्णुपुरीचे पाणी पिणारा मुसलमानही त्यांचे नाव आदराने घेतो. त्या वेळचे गृहसचिव माधव गोडबोले यांनी लिहून ठेवले आहे की, वास्तू ताब्यात घेण्याची योजना गृहखात्याने आधीच तयार केली होती. पंतप्रधान नरसिंह राव यांनी ती मानली नाही. उत्तर प्रदेश सरकारच्या हमीवर भिस्त ठेवली गेली.

म्हणजे उसुलाची घडी सहा डिसेंबरनंतर आली नाही, ती आधीच येऊन गेली होती. योजना नाकारली गेली तेव्हा पद पणाला लावले असते, तर कदाचित काही वाचले असते. घटना घडून गेल्यावर दिलेला राजीनामा म्हणजे दुखवटा. तो द्यावा, पण त्याने मेलेले परत येत नाहीत.

मग समझोता हरामच का? हुदैबियाचा तह आठवावा. करारातून ‘अल्लाहचे रसूल’ हे शब्द काढायला प्रेषित मुहम्मद (स.) राजी झाले. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्यांनाही तो तह जड गेला. बेड्यांसह पळून आलेल्या अबू जंदल (रजि.) यांना करारामुळे परत जावे लागले. पण प्रेषितांनी त्यांच्यापासून तोंड फिरवले नाही. समोरासमोर त्यांना सब्र करायला सांगितले आणि दिलासा दिला. आधी स्वतःचा मान सोडला, मग दुसऱ्याकडून सब्र मागितला.

माझ्या मते कसोटी हीच आहे. समझोत्याची किंमत ज्याला मोजावी लागणार, त्याच्या डोळ्यांत पाहून ती सांगता येते का? आणि त्यातला पहिला हिस्सा आपण स्वतः देतो का? १९९२ साली दिल्लीतला समझोता मुंबईच्या गल्ल्यांतील माणसांना कोणी विचारला नव्हता. किंमत मात्र त्यांनीच दिली.

ही कसोटी फक्त दिल्लीसाठी नाही. मोहल्ल्याच्या नावाने मतांचा सौदा करणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांनाही ती लावावी. आणि गप्प बसून त्या सौद्याला हो म्हणणाऱ्या आपल्यालाही.