कुठली चूक परवडेल?

ताईच्या जनुक चाचणीचा रिपोर्ट आला तेव्हा मी नेहमी जे करतो तेच केलं. एक्सेल शीट उघडली. आईला बेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. आता चौतीस वर्षांच्या ताईमध्ये बीआरसीए१ जनुकातला तोच दोष सापडला होता. दरवर्षी तपासणी हवी हे नक्की होतं. प्रश्न होता, कशाने?

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून एक्स-रे काढतात. तरुण वयात स्तन बहुधा दाट असतो. एक्स-रेवर तो दाटपणा पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, पण बरंचसं करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. एमआरआयमध्ये शिरेतून औषध देतात, ते गाठीकडच्या रक्तवाहिन्यांत उतरतं आणि गाठ उजळून दिसते. जास्त धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांचा नेदरलँड्समधला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आजूबाजूला पसरू लागलेल्या कर्करोगांपैकी मॅमोग्राफीने ३३.३ टक्के पकडले, एमआरआयने ७९.५ टक्के. मी एमआरआयचा रकाना हिरवा केला.

खाली आणखी एक आकडा होता. कर्करोग नसताना ‘नाही’ असं बरोबर सांगण्याचं प्रमाण मॅमोग्राफीत ९५ टक्के, एमआरआयमध्ये ८९.८. म्हणजे कर्करोग नसलेल्या शंभर जणींमागे साधारण दहा जणींना उगाच धास्ती. आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हरचा खोटा अलर्ट येतो, आम्ही तो बंद करून झोपतो. त्याच सवयीने मी ताईला म्हणालो, “खोटा अलार्म परवडला, सुटलेली गाठ नाही.”

पहिल्याच एमआरआयमध्ये एक ठिपका दिसला. बायोप्सी झाली. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ताईने जिजूंना लेकीच्या वेण्या घालायला शिकवलं. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही.

“एमआरआय मी सोडणार नाही,” ती नंतर म्हणाली. “पण ‘परवडलं’ हा शब्द तू वापरू नकोस. सुई मला टोचली. आणि तू स्वतः रक्त दिलंस का रे?”

नव्हतं दिलं. तो दोष माझ्यातही असण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, आणि असेल तर उद्या माझ्या मुलीकडेही जाऊ शकतो. तिच्या शरीराबाबत मला कणभरही अनिश्चितता चालत नव्हती. स्वतःची मात्र दीड वर्षं मजेत सांभाळली होती.

बिनचूक यंत्र नसतंच. त्या अभ्यासातही आठ कर्करोग मॅमोग्राफीत दिसले, एमआरआयमध्ये नाहीत. म्हणून ताई आता दोन्ही करते. कुठलं यंत्र कुठली चूक किती वेळा करतं, एवढंच आकडे सांगतात. त्यातली कुठली चूक सोसायची, हे जिला सोसायची आहे तिनेच ठरवायचं. आपण शीट बनवून द्यावी, रंग भरू नये.

पुढच्या शुक्रवारी मी रक्त द्यायची वेळ घेतली आहे. जा की नको जाऊ, ताई काहीच सांगत नाही.