बावन्न सेकंद

बसू नका. उभेच राहा. सकाळी बावन्न सेकंद धड उभं राहता आलं नाही ना, मग आता माझं संपेपर्यंत राहा.

दहावीची शेवटची रांग! ओट्यावरून सगळं दिसतं, बाळांनो. एकाने पुढच्याच्या कॉलरमध्ये कुसळ टाकलं, तो वळवळला, तिसरा फिदीफिदी हसला. चौथा हनुवटी छातीला लावून मोबाईल बघत होता. काय रे, कलेक्टरचा फोन येणार होता?

फाटकाशी झाडणाऱ्या मावशी होत्या. राष्ट्रगीत सुरू झालं तशी त्यांनी बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि हात सरळ सोडून उभ्या राहिल्या. त्यांना ना कुणी 'सावधान' म्हटलं, ना कुणी त्यांच्याकडे बघत होतं.

पारनेर माहीत आहे ना? निम्म्यांची मामाची गावं तिकडेच आहेत. सेनापती बापट तिथले, जन्म १८८० चा. शिकायला एडिंबरोला गेले, परत येऊन मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी लढले, पुन्हापुन्हा तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा चढवायचा मान त्यांना मिळाला, तेव्हा वय सहासष्ट. त्या दोरीला हात लागायला माणसाचं अख्खं आयुष्य गेलं. तुम्हाला ती ओढलेली नुसती बघायची होती!

आणि आपला नगरचा भुईकोट किल्ला? नेहरू, पटेल, आझाद १९४२ पासून तिथे डांबलेले. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. शेवटच्या भेटीसाठीसुद्धा या माणसाने इंग्रजांपुढे हात पसरला नाही. सहलीला तुम्ही त्याच किल्ल्यात गेलात आणि भेळेचे कागद टाकून आलात.

शिक्षकांच्या रांगेतही कुजबुज होती. ते मी शिक्षकखोलीत बघतो. तुम्ही दात काढू नका.

आता मैदानाकडे बघा. जिलेबीच्या कागदांत कागदी झेंडे पडलेत, एकावर बुटाचा ठसा आहे. कागदी झेंडा जमिनीवर टाकायचा नाही, असं ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलंय. शेवटची रांग, चला माझ्याबरोबर. एकेक उचलायचा, पुसायचा आणि माझ्या हातात द्यायचा. वाकायची लाज वाटत असेल तर मी आधी वाकतो.

आणि मोबाईलवाल्या, तो इकडे दे. उद्या वडिलांना घेऊन ये.