पुड्याच्या मागची बाजू

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या चौपाटीवर सकाळी फिरायला आलेली माणसं चहाबरोबर बिस्किटांचा पुडा घेतात. घेताना तो उलटून बघतात. तारीख, किंमत, साखर किती, हिरवा ठिपका आहे का. चांगली सवय आहे. जे पोटात जाणार, त्याची चौकशी हवीच.

पण ही सगळी चौकशी खाणाऱ्याच्या काळजीपोटी असते. ते करणाऱ्या कामगाराबद्दल पुड्यावर एक अक्षर नसतं. त्याला पुरी मजुरी मिळाली का? आजारी पडला तर रजा मिळते का? चौघांनी एकत्र येऊन मालकाशी बोललेलं चालतं का?

चौपाटीसमोरच्या धरणाचीही तीच गत. त्याच्या तलावाला इंग्रजांनी अभियंता फाइफ यांचं नाव दिलं होतं. धरणाचे दगड घडवणाऱ्यांचं नाव कशालाच नाही. मला वाटतं, त्यांना नावापेक्षा पुरी मजुरीच अधिक हवी असणार.

अमेरिकेतल्या सिगार वळणाऱ्या कामगारांनी हे न छापलेलं अक्षर छापून घेतलं. त्यांच्या संघटनेनं १८८० मध्ये निळं लेबल काढलं. खोक्यावर ते दिसलं, की माल संघटित कामगारांचा आहे हे गिऱ्हाइकाला कळे. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत पांढरं लेबल निघालं होतं. ते चिनी कामगारांना बाजूला सारण्यासाठी होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. काही हात जोडताना काही हात झटकले गेले.

आपल्या पुण्यात असं लेबल पुड्यावर नाही, पाटीवर आहे. ‘कष्टाची भाकर’. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं इथले हमाल संघटित झाले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. याच हमालांच्या संघटनेनं, हमाल पंचायतीनं, १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे जेवणाचं केंद्र सुरू केलं. ओझी वाहणाऱ्याला परवडेल असं पोटभर जेवण, ना नफा ना तोटा. तिथल्या ताटामागे कोण उभं आहे, हे पाटी वाचली की कळतं.

बाकीच्या वस्तूंवर अशी पाटी नाही. ती येईपर्यंत आपल्याला तोंडानं विचारता येईल. घरी काम करायला येणाऱ्या बाईंना, दारात सामान आणून देणाऱ्या मुलाला. सुट्टी कधी असते, एवढं तरी आज विचारा.