अंतःस्वातंत्र्य आणि मौन

तत्त्वज्ञानाची खरी कसोटी व्याख्यानगृहाबाहेर लागते, असें म्हणण्याचा परिपाठ आहे. परंतु ती नेमकी कोठें लागते याचा विचार क्वचितच होतो. अमेरिकन आरमारांतील वैमानिक अधिकारी व पुढें नीतिशास्त्राचे अध्यापक झालेले जेम्स स्टॉकडेल (१९२३–२००५) यांचें चरित्र या दृष्टीनें बोधप्रद आहे. मात्र त्याचा जो अर्थ सामान्यतः लावला जातो, तो आम्हांस अपुरा वाटतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकत असतां फिलिप ऱ्हाइनलँडर या प्राध्यापकांनीं त्यांच्या हातीं एपिक्टीटसची एक लहानशी पुस्तिका ठेविली. एपिक्टीटस हा पायानें अधू असलेला गुलाम, जो पुढें आचार्यपदास पोहोंचला. आपला संकल्प तेवढा स्वाधीन; देह, वित्त व कीर्ति हीं पराधीन, हें त्याच्या शिकवणीचें सार. ९ सप्टेंबर १९६५ रोजीं उत्तर व्हिएतनामवर स्टॉकडेल यांचें विमान पाडण्यांत आलें. पाय मोडलेल्या स्थितींत ते पकडले गेले आणि सात वर्षांहून अधिक काळ, त्यांपैकीं चार वर्षें एकांतवासांत, बंदिवान राहिले. आपणांस चित्रपटांत दाखवून प्रचार करण्याचा बेत आहे, हें कळतांच त्यांनीं स्टुलानें स्वतःचा चेहरा ठेचून घेतला. १९७३ मध्यें ते सुटले. १९७७ ते १९७९ या काळांत न्यूपोर्ट येथील नेव्हल वॉर कॉलेजचे अध्यक्ष असतांना त्यांनीं जोसेफ ब्रेनन यांच्या साहाय्यानें नैतिक बंधनाच्या मूलतत्त्वांवर एक अभ्यासक्रम चालविला. ईयोबाची कथा, अॅरिस्टॉटल व कांट यांचें अध्ययन तेथें लष्करी अधिकारी करीत.

हें सर्व वंदनीय आहे. परंतु याच चरित्राचें एक आधींचें पान आहे. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्रीं टाँकिनच्या आखातांत अमेरिकन युद्धनौकांवर हल्ला झाल्याची वार्ता आली, तेव्हां स्टॉकडेल त्याच नौकांवर घिरट्या घालीत होते. त्यांना शत्रूची एकही नौका दिसली नाहीं, आणि परतल्यावर त्यांनीं तसें सांगितलेंही. तरी दुसऱ्या दिवशीं सूड म्हणून जे हल्ले झाले, त्यांपैकीं एकाचें नेतृत्व त्यांच्याचकडे आलें व त्यांनीं तें पार पाडलें. ७ ऑगस्टला काँग्रेसनें अध्यक्षांस युद्धाची मोकळीक दिली. बंदिवासांत हें गुपित आपल्याकडून वदवून घेतलें जाईल, हीच भीति त्यांस सतत ग्रासत होती. १९८४ मध्यें पत्नीसह लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनीं ही हकीकत सविस्तर सांगितली.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. स्वाधीन व पराधीन यांमधील सीमारेषा कोणी आंखावयाची? कैद्याला जगाचा व्यवहार पराधीन असतो, यांत शंका नाहीं. पण ज्याच्या डोळ्यांनीं सत्य पाहिलें, त्याची वाणी पराधीन आहे असें म्हणतां येईल काय? प्रत्येक अधिकारी युद्धाचा न्यायाधीश होऊं लागला तर सैन्य टिकणार नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. तो आज्ञापालनाचें समर्थन करतो. वरिष्ठांस कळविल्यावर आपलें कर्तव्य संपलें, हें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं. सहनशीलतेचें तत्त्वज्ञान येथें निसरडें होतें. जें सहन करण्याचें बळ तें देतें, तेंच बोलण्याच्या जबाबदारींतून सुटका करून घेण्याचें साधनही होऊं शकतें.

आपल्याकडे स्थितप्रज्ञाचें वर्णन करतांना ही गोष्ट विसरली जाते. अर्जुनानें प्रथम धनुष्य खालीं ठेवून प्रश्न विचारले. समत्वाचा उपदेश मागाहून आला. प्रश्नाची पायरी गाळून जें समत्व येतें, त्यांत व निमूटपणांत भेद करणें कठीण आहे.

म्हणून आमच्या मतें स्टॉकडेल यांच्या जीवनांतील अवघड कसोटी हनोईच्या तुरुंगांत लागली नाहीं. तेथें शत्रु समोर होता आणि कर्तव्य स्पष्ट होतें. ती त्या ऑगस्टमध्यें विमानवाहू नौकेवर लागली, जेथें कोणी छळ करीत नव्हतें व गप्प राहणें सोपें होतें. अशा क्षणीं काय करावें, याचें उत्तर त्या क्षणींच शोधूं गेल्यास तें हातीं लागत नाहीं; तें शांततेच्या काळांत, पुस्तकें व सहाध्यायी यांच्या संगतींत आधीं शोधून ठेवावें लागतें. सैनिकानें उतारवयांत वर्गांत उभें राहून नीति शिकवावी, याचें आम्हांस सर्वांत मोठें कारण हेंच दिसतें.