उंबऱ्याआडचे पिल्लू

दत्तात्रेयांच्या तसबिरीत त्यांच्या पायांपाशी चार श्वान असावयाचेच. वाशीम जिल्ह्यातील कारंजे हे दत्तावतार मानल्या गेलेल्या नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. तेव्हा ही तसबीर तिकडील लोकांच्या किती परिचयाची असेल, हे सांगावयास नको. त्या श्वानांच्या गळ्यात साखळी नसते, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

वाशिमात काय किंवा कारंज्यात काय, नव्या वसाहतींतून हल्ली दूरच्या शहरातून विकत आणलेली पिल्ले दिसू लागली आहेत. घरातील मंडळी त्यांस जिवापाड जपतात, आणि जपतात म्हणूनच फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. पाच महिन्यांनी तेच पिल्लू छत्री उघडताच पलंगाखाली शिरते आणि पाहुण्यांवर दात विचकते. मग 'जातच भित्री' असा निवाडा होतो. अडतीच्या भिंतीशी जन्मलेल्या गावठी पिल्लाला कोणी काही शिकवीत नाही. तरी दोन महिन्यांच्या आत हमालांची पावले, सोयाबीनची पोती, ट्रॅक्टरचा धडधडाट आणि वरातीचा बँड हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

हा भेद केवळ जातीचा नव्हे. १९६१ साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग व एलियट यांनी काही पिल्ले उंच कुंपणाआड, मनुष्याच्या सहवासावाचून वाढविली. ज्यांस चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा स्पर्श घडला नाही, ती रानटी श्वापदांसारखी वागू लागली. जगाशी ओळख होण्याचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचा. पुढे ओळख होतच नाही असे नाही, पण ती फार कष्टाने होते. इकडे पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगाच्या लसी पुऱ्या व्हावयास सोळा आठवडे लागतात. सावध धनी लसी संपेपर्यंत थांबतो, आणि तोवर ते दार जवळजवळ लागून गेलेले असते.

येथे प्रश्न वैद्यकाचा उरत नाही. देहाच्या रक्षणासाठी मनाचे जग किती आखूड करावे? पशुवैद्यांच्या एका अमेरिकन संस्थेने २००८ साली आपला कौल दिला, तो असा: पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी, घाणीची जागा व आजारी कुत्री टाळून, पिल्लास बाहेर न्यावयास आरंभ करावा. कडेवर घेऊन नेले तरी चालते. थोडा धोका पत्करावा लागतो खरा. परंतु भीतीमुळे चावरे झालेले कुत्रे पुढे अनेकदा घराबाहेर काढले जाते, हा धोका हिशेबात कोणीच धरीत नाही.

कोणी म्हणेल, त्यास बाहेर जावयाचेच कशाला? सुखाने घरात राहील. शुद्धोदनानेही पुत्रासाठी हाच विचार केला होता. पण सिद्धार्थाला रथ जोडवून वेशीबाहेर पडता आले. पिल्लास कडीही काढता येत नाही. आणि ते बाहेर गेले नाही, म्हणून जग आत यावयाचे थोडेच थांबते! सिलिंडरवाला येतो, दिवाळीचे फटाके येतात.

याहून अवघड गोष्ट उशीर झालेल्या पिल्लाची. त्याचा धनी एके दिवशी एकाएकी जागा होतो आणि 'सवय होईल' म्हणून त्यास भर आठवडी बाजारात ओढीत नेतो. कोंडण्याच्या अपराधाहून हा आम्हांस मोठा वाटतो. कोंडणाऱ्याला निदान पिल्लाचे भय समोर दिसत तरी नसते. बाजाराच्या अगदी दूरच्या टोकास उभे राहावे. हातावरचा भाकरीचा तुकडा ते निर्धास्त खाते, तेवढेच अंतर त्या दिवशी योग्य. खाईनासे झाले की मागे फिरावे. पुढचे पाऊल त्याने टाकावे. यास महिने लागतात, आणि काहींच्या बाबतीत फाटकाच्या पुढे मजल जात नाही. पोळ्याच्या दिवशी सजलेले बैल रस्त्याने जात असता असे एखादे कुत्रे अर्धवट उघड्या फाटकाशी बसून ते पाहते, पळत नाही. तेव्हा त्यास आणखी दहा पावले पुढे नेण्याचा हट्ट त्याच्या हिताचा की शेजाऱ्यांसमोरील आपल्या मिरवणुकीचा, हे धन्याने स्वतःस विचारून पाहावे.